चार दातांचा लॅपटॉप

आबांनी जन्मात एकही जनावर नाव विचारून घेतलं नाही. तोंड उघडायचं, दात मोजून वय ओळखायचं, पाठीवरून हात फिरवायचा, झालं. तेच आबा माझा लॅपटॉप आणायला परभणीला एकटे निघाले, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण करता काय! मायचा पाय मुरगळलेला, मेंढरांमागं कुणीतरी जायला हवं, मग मी गेले.

मला घरी बसून टायपिंगचं काम मिळालं होतं. लॅपटॉप स्वतःचा पाहिजे आणि आठ जीबीचा पाहिजे, एवढीच अट. सोमवारपासून सुरुवात. नाही जमलं तर आहेच, दिवाळी झाली की ऊसतोड. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा. बारावी झाल्यापासून आमच्या घरातला अर्धा कोयता मी. मुकादम दरवर्षी दारात यायचा, "औंदा बी दीडच ना?" विचारायचा आणि आबा खाली बघून मान हलवायचे. त्या 'अर्ध्या'चा मला लय राग यायचा.

"आठ, आबा. आठ जीबी. इसरू नगा," निघताना मी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

संध्याकाळी आबा सोनपेठच्या गाडीतून उतरले ते खोकं छातीशी धरून, नुकतं जन्मलेलं करडू धरावं तसं. नावाजलेल्या कंपन्यांचे लॅपटॉप आमच्या आवाक्यातले नव्हतेच. खोक्यावरचं नाव गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी लगेच नाक मुरडलं, "ही कोनती कंपनी म्हनायची? टिकतंय का असलं?"

"आपल्या मेंढराला कुटं कंपनी हाय, वैनी?" आबा म्हणाले. "जगत्यात ना?"

मी खोकं वळवून बघितलं. चार जीबी.

"आबा! आठ म्हनले होते ना मी?"

"येडी का काय! आठाचं बी होतं तिथं. मी म्हनलं, आठ दाती माझ्या लेकीच्या गळ्यात मारायलाव व्हय? आठाचं म्हंजी उतरणीला लागलेलं. चाराचं काढा, ऐन भरातलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लय वर्सं पुराया पायजे तुला."

मला आधी हसू फुटलं आणि मग रडूच आलं. काय करावं या माणसाला! जीबी म्हणजे दात नव्हेत, आठच जास्त चांगलं, हे समजावून सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यापायी तू पुना फडात," एवढंच म्हणाले आणि ताटावर बसलेच नाहीत. तेव्हा मला लॅपटॉपपेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

सकाळी मेंढरं काकूंच्या हवाली करून आम्ही दोघं पहिल्या गाडीनं परभणीला गेलो. दुकानदार म्हणाला, उघडलेलं परत घेत नाही, पण आत एक जागा रिकामी आहे, तिथं अजून चार बसतात. त्यानं लॅपटॉप पालथा घालून स्क्रू काढायला घेतले. आबांना राहवेना. पुढं होऊन त्यांनी दोन्ही हातांनी तो दाबून धरला, डॉक्टर सुई टोचताना बकरी धरतात तसा. ओठातल्या ओठात "हां, झालं, झालं" चाललेलं.

"काका, हात काढा."

"धरू द्या की. हालंल ते."

दुकानदार हसला. त्यानं धरू दिलं. शेवटी पडद्यावर आठ दिसलं आणि मी भर दुकानात आबांचा दंड गच्च पकडला.

"आता म्हातारं झालं म्हना," आबा पडेल आवाजात म्हणाले.

"न्हाई हो आबा, कामाचं झालं."

सोमवारी काम सुरू झालं. दिवाळीच्या तोंडावर मुकादम आला. मी उंबऱ्याच्या आत टाइप करत बसले होते. माझी बोटं थांबली.

"औंदा बी दीडच ना?"

"न्हाई," आबा म्हणाले. "एकच."

"आन् अर्धा कुटं गेला?"

आबांनी वळून माझ्याकडं बघितलं. या वेळी त्यांची मान खाली नव्हती.

"तिला अर्धी म्हनू नगा आता."