काचेवरचं कुंकू

माझी धाकटी जाऊ लोणीची. तिच्या हळदीचे फोटो मीच काढले होते, तेही हौसेनं. ही बाई पुढं माझ्याच कॅमेऱ्याला हात घालणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर डोळे मिटलेले तेवढेच फोटो ठेवले असते.

पिंपळवंडीत आणि आसपासच्या वाड्यांवर बारसं असो की डोहाळजेवण, निरोप मला यायचा. बायकांच्या कार्यक्रमात बाप्या फोटोवाला कुणाला नको असतो. घर सासऱ्यांचं, बाग नवऱ्याची, स्वयंपाक सगळ्यांचा, पण हे काम माझं एकटीचं होतं.

कॅमेरा डिजिटल, चांगला. पण त्याच्याबरोबर आलेल्या लेन्समधून बाळाच्या चेहऱ्यामागं वाळत घातलेली लुगडी आणि दिराची मोटारसायकल, सगळं ठसठशीत दिसायचं. मागचं धूसर करणारी नवी लेन्स घ्यायची तर दारची गाय विकावी लागली असती. मोबाईलवर बघून बघून मला कळलं, की जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्याची लेन्स एका अडॅप्टरनं नव्या कॅमेऱ्याला बसते आणि स्वस्तात मिळते. फोकस तेवढा हातानं, लेन्सवरचं कडं फिरवून करायचा. घेताना टॉर्च मारून आत बुरशी बघायची, उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पात्यांना तेल सुटलंय का बघायचं, कडं अडकत फिरतं का ते बघायचं. हे सगळं ज्ञान मी भांडी घासता घासता धाकलीला दिलं. मीच! आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय.

जुन्नरला कापडाचं दुकान असलेल्या एका शेठजींच्या काकांना फोटोची हौस होती. काका गेले आणि सामान माळ्यावर पडून राहिलं, असं ओळखीनं कळलं. मी निघाले तर धाकली चपला घालून दारात हजर. "ताई, मीबी येते." घ्या!

शेठजींनी गादीवर दोन लेन्स ठेवल्या. "बघा वहिनी. आमच्यात यातलं कुणाला काही कळत नाही."

एक आरपार स्वच्छ होती, कडं लोण्यासारखं फिरत होतं. दुसरीत टॉर्च मारला तर काठाला बारीक पांढरे धागे. पहिली मी घासाघीस करून घेतली. दुसरी धाकलीनं उचलली, तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "नको घेऊस गं. बुरशी आहे. फोटो धुरकट येतील."

"ताई, आपल्या द्राक्षांना भुरी आली, तीबी बुरशीच, म्हणून आपण वेली उपटल्या व्हय?"

शेठजी खदखदून हसले आणि त्यांनी ती लेन्स तिला अशीच देऊन टाकली. अशीच! एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. ती मात्र लेन्स मांडीवर घेऊन लेकरासारखी कुरवाळत होती.

आता लेन्स दोन आणि कॅमेरा एक, माझा. पण एकत्र घरात 'माझा' म्हणायची सोय नसते. दीर म्हणाले, "वहिनी, तिलाबी द्या की जरा." दिला. दात ओठ खाऊन दिला.

खंडेनवमीला आमच्याकडं झाडून सगळ्या अवजारांची पूजा होते. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, आणि पाटावर आमच्या लेन्स. माझीला टोपण होतं. धाकलीच्या लेन्सला टोपणच नव्हतं. सासूबाईंनी ओल्या हळदीकुंकवाची बोटं बरोबर काचेच्या मधोमध टेकवली आणि वर अक्षता टाकल्या. मी बघत होते. आतून अशा उकळ्या फुटत होत्या म्हणून सांगू! धाकली रडकुंडीला आली. पदरानं पुसलं, चष्म्याच्या फडक्यानं पुसलं. कुंकू गेलं, पण हळदीचा पिवळट थर काही हटेना.

"देवाचं आहे, राहू दे," मी म्हणाले. किती गोड आवाजात म्हणाले!

दसऱ्याला सासूबाई नवं लुगडं नेसून अंगणात बसल्या. "काढा गं माझा एक फोटू."

थोरली म्हणून आधी मी. सावकाश कडं फिरवलं, स्क्रीनवर मोठं करून डोळ्यांवर फोकस धरला. पापणी न् पापणी वेगळी दिसत होती. असा फोटो नारायणगावच्या स्टुडिओतसुद्धा निघाला नसता. सासूबाईंनी बघितला, खूप वेळ बघितला.

"हनुवटीवरलं क्यासबी मोजून घेतलंस व्हय गं?"

सगळे हसले. नवरासुद्धा.

मग धाकली बसली. तिला फोकस धड जमत नव्हता, म्हणून कडं फिरवता फिरवता तिची बडबड चालली. "आई, मामांनी तुमाला पयल्यांदा कुटं बघितलं व्हतं?" सासूबाई सासऱ्यांकडं बघून लाजल्या. या वयात! तेवढ्यात हिनं दाबलं.

फोटो धुरकट होता, पिवळसर होता, कान तर फोकसमध्येच नव्हते. सासूबाईंनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "मी गेल्याव ह्योच लावा भितीला."

सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा झाले. मीही वाकून बघितलं. फोटो सुंदर होता, आणि तेच सलत होतं. वाईट असता तर धाकलीची पाठ मीच सगळ्यात आधी थोपटली असती.

तो फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर सगळ्या सोयऱ्यांत फिरला. दिवाळी झाली आणि घोडेगावाकडचा एक पाहुणा दारात आला. मी पाणी दिलं.

"बारसं हाय आमच्यात. फोटू काढत्यात त्या वहिनी..."

"मीच की. कधी आहे?"

तो तांब्याकडं बघत राहिला. "तुमीबी काढता, वहिनी, तसं न्हाई. पण आमच्या म्हातारीला तुमच्या सासूसारका फोटू पायजे. त्यो ज्यांनी काढला, त्या..."

ती घरात नाही असं सांगायला जीभ नुसती वळवळत होती. पण आत मेथी निवडताना तिच्या बांगड्या वाजत होत्या, त्याला ऐकू जात होत्या. निदान टोमणा तरी मारावा म्हणून मी दारातूनच मोठ्यानं ओरडले, "अहो फोटोवाल्या बाई! या बाहेर, गिऱ्हाईक आलंय तुमचं!"

तिला तो टोमणा वाटलाच नाही.

"आले, ताई," म्हणत ती हात पुसत बाहेर आली.