डाव्या हाताचा गळ

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा घरातले माग विकून झाले होते. वडगावातल्या आमच्या गल्लीत एके काळी दारोदार यंत्रमाग खडखडायचे. आता बऱ्याच घरांत त्या जागी मोटारसायकली उभ्या असतात. आमच्याकडं तिथं मामांची कॉट टाकली. जिथं उभं राहून जन्मभर साड्या विणल्या, तिथंच ते पडून राहू लागले.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी रोज उजव्या हातानं रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं. मामा तो हातातसुद्धा धरत नसत. जीभ जड झाली होती, पण समज शाबूत होती. "मामा, जरा दाबा की," असं म्हटलं की भिंतीकडं तोंड करायचे. "कुणासाठी दाबू गं?" मी चेंडू उशाशी ठेवून द्यायची. सासूबाई आधीच गेलेल्या. माझा नवरा फौंड्रीत कामाला. मी घरी साड्यांच्या पदरांना गोंडे बांधून द्यायची. दिवसभर घरात आम्ही दोघंच, ते एका भिंतीला आणि मी दुसऱ्या.

गणपतीच्या आधी मी माळा झाडायला काढला. कोपऱ्यात एक पोतं आणि धुरानं काळी पडलेली बांबूची काठी मिळाली. पोत्यात मामांचं मासे धरायचं फेकजाळं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मागाला सुट्टी असली की ते सायकलच्या दांडीला ही काठी बांधून काकतीकडं मार्कंडेय नदीवर जायचे. गळाचा आकडा तेवढा बाजारातला, बाकी सगळं त्यांच्या हातचं. पण आता जाळ्यात उंदरांनी बाळंतपणं केली होती.

मामांनी पडल्या पडल्या बघितलं आणि म्हणाले, "टाकून दे त्ये."

टाकायलाच मी ते दारात नेलं. किती फाटलंय ते बघावं म्हणून पायरीवर पसरलं. खालची बाजू गेलेली, वरचं जाळं मात्र धड होतं. एक गाठ बोटांत धरली आणि ती ओळखीची वाटली. मागावर ताण्याचा धागा तुटला की तो जोडायला जी बारीक गाठ मारतात, तीच ही. ती मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी शिकवली होती. मी आत आले, नायलॉनचा दोरा शोधला आणि मामांच्या कॉटसमोर बसून एक भोक बुजवायला घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मान वळवून बघत म्हणाले, "घर लई मोठं झालंय."

मला भरून आलं. म्हटलं, "व्हय मामा. माग गेल्यापासनं लईच मोकळं वाटतंय."

"तसं न्हवं गं. जाळ्याचं घर. त्यातनं म्हस जाईल."

आजारपणानंतरची त्यांची ही पहिली थट्टा. मी केलेलं सगळं उसवलं.

मग त्यांनी बोटाएवढी रुंद बांबूची एक पट्टी करून घेतली. प्रत्येक घर त्या पट्टीवर मापून ओढायचं, म्हणजे सगळी घरं सारखी येतात. दोरा भरायला बांबूचीच चपटी सुई लागते. ती मी तासत होते, तर त्यांनी माझ्याकडून डाव्या हातानं सुरी मागितली. मी दिली, पण जीव टांगणीला लागला. सुई वाकडी झाली, पण झाली.

जाळं विणायला दोन हात लागतात, एक पट्टी धरायला आणि एक सुई फिरवायला. मामांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि कागदावर दगड ठेवावा तसा जाळ्यावर ठेवला. दोऱ्याचं टोक दातात धरलं. दोरा सुटायचा, पट्टी घसरायची, ओठ कापायचा. ते चिडून सुई भिरकावून द्यायचे. मी ती आणून पुन्हा कॉटवर ठेवायची आणि आपल्या गोंड्यांकडं वळायची. थोड्या वेळानं सुई त्यांच्या हातात दिसायची.

नवऱ्याला हे पटत नव्हतं. "आप्पांना चालायला शिकवायचं सोडून ही काय जाळी घेऊन बसलीस?"

"तुमी एकदा दुपारचं घरी थांबून बघा," मी म्हटलं.

तो थांबला, त्याच दुपारी ते घडलं. मामांनी गाठ ओढली आणि दोरा घसरला नाही. उजव्या अंगठ्यानं तो दाबून धरला होता, अगदी हलका, पण अंगठ्यानंच. तिघंही त्या अंगठ्याकडं बघत राहिलो. मी चहा ठेवायला आत गेले आणि साखर दोनदा घातली. नवरा पायात चपला सरकवून बाहेर पडला. परत आला तो टायरवाल्याकडून चाकाच्या तोलासाठी लावतात त्या जुन्या शिशाच्या पट्ट्या घेऊन. "जाळ्याला वजन लागंल की न्हाय?" बापाकडं न बघताच त्यानं विचारलं. त्या संध्याकाळी त्यानं दारात बसून एकेक पट्टी जाळ्याच्या कडेच्या दोरीवर हातोडीनं ठोकून बसवली.

जाळं झालं, पण ते फेकणं मामांच्या आवाक्यात नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. "जाळं तू टाक. मला काठी कर," ते म्हणाले. जुनी काठी डाव्या हाताला लांब आणि जड होत होती. आम्ही बुडखा कापला, काचेच्या तुकड्यानं तासून ती हलकी केली. शेंड्याजवळ चीर होती. तिथं घरात उरलेलं रेशीम गच्च गुंडाळून वर वॉर्निश दिलं. पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा पांढरा देठ बांधला. जांभळ्या रेशमाचा तो पट्टा बघून मामा म्हणाले, "काठीला काठ आला बघ."

दिवाळी झाली, नदीचं पाणी निवळलं, तेव्हा रिक्षा करून आम्ही तिघं मार्कंडेयवर गेलो. मामांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी पदर खोचून जाळं खांद्यावर घेतलं आणि फेकलं. ते धुण्याचा पिळा आपटावा तसं एका जागी धपकन पडलं. पलीकडच्या काठावर बायका धुणं धूत होत्या. त्या हसल्या आणि एकीनं कानडीत हाक मारून विचारलं, "मीन सिक्तेनरी?" मासा गावला का, म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा हसले नाहीत. "कंबरंतनं फिर. हातानं न्हाय."

मी फिरत राहिले, फेकत राहिले. खांदे भरून आले. कधीतरी जाळं हवेत अर्धवट उघडलं आणि त्यात चार बारीक मासे आले. मी ते दाखवायला वळले, तर मामांचा देठ पाण्याखाली गेला होता. त्यांनी डाव्या हातानं काठी उचलली. ती वाकली, रेशमाच्या पट्ट्याच्या वरच कडकन मोडली आणि शेंडा दोऱ्याला लोंबकळू लागला. नवरा काठी धरायला धावला.

"सोड! माझा हाय त्यो!"

इतका स्वच्छ आवाज आम्ही कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. नवरा होता तिथंच थांबला. मामांनी मोडकी काठी मांडीत दाबली, दोरा डाव्या हातानं ओढला, ओढलेला उजव्या अंगठ्याखाली धरला, पुन्हा ओढला. तळहाताएवढी चिलापी खडकावर येऊन उड्या मारू लागली. पलीकडच्या बायका धुणं थांबवून बघत होत्या. घरी आल्यावर मी तिचं कालवण केलं. मामांनी काटे स्वतःच काढले. वेळ लागला, पण आम्ही कुणी हात पुढं केला नाही.

हात काही पहिल्यासारखा झाला नाही. कप धरता येतो, दोरा धरता येतो, शर्टाची बटणं मात्र अजून मलाच लावावी लागतात. गल्लीतले दोघंतिघं आपली फाटकी जाळी आणून देतात, मामा ती सावकाश नीट करून देतात. माझं जाळं आता बऱ्यापैकी गोल पडतं.

मोडलेल्या काठीला जोड द्यायला मामा तयार नव्हते. नवीन बांबू हवा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, नाहीतर कीड लागते. माझं माहेर नंदगडच्या पलीकडं, तिथं आमच्या बांधाला बांबूचं बेट आहे. मी भावाला फोन लावला, तर मामांनी डावा हात पुढं केला. "दे हिकडं. मी सांगतो."

भावाला त्यांचं बोलणं समजेना. तो पलीकडून सारखं "काय म्हणालासा?" विचारत होता. मी फोन घ्यायला गेले, पण मामांनी तो कानापासून हलू दिला नाही. एकेक शब्द सुटा करून ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. कोवळा नको, पेरं आखूड असलेला बघ, बुडातनं तोड, आणि एसटीत वाकवू नको.