राजीनामा, दरवर्षीप्रमाणे

दिवसाढवळ्या, चहा पिता पिता, हसतमुखाने माणसाला धक्के द्यावेत ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीच. पापडीच्या रस्त्याला आमची दोन विंगची, चार मजल्यांची इमारत आहे. इथे राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली, आणि या चौदा वर्षांत माझ्या छातीत जितक्या वेळा धस्स झालं त्यातले निम्मे धस्स या एका माणसाच्या खात्यावर आहेत. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव असेल, असणारच, पण ते आता दारावरच्या पाटीवरसुद्धा पुसट झालंय. त्यांची बायकोसुद्धा खिडकीतून "सेक्रेटरी, भाकरी थंड होतेय!" अशी हाक मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई टोमणा मारतेय. छे! तिला सवय झाली होती.

पहिला धक्का आम्ही आलो त्याच दिवशी बसला. सामान टेम्पोतून उतरत होतं, कपाट जिन्यात अडकलं होतं, आमचे हे हमालांवर ओरडत होते, आणि मी आपली देवांचा डबा छातीशी धरून नव्या घरात शिरले, तर न्हाणीघरात पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक अनोळखी माणूस नळाखाली तळहात धरून उकिडवा बसलेला. मी किंचाळले. तो माणूस वळलासुद्धा नाही. "मिनटाला अकरा थेंब पडतायत," तो शांतपणे म्हणाला. "वायसर बदला. आनि वैनी, सोसायटीत तुमचं स्वागत हाय." एवढं बोलून हात पुशीत निघूनही गेला. मी डबा धरून उभीच. आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, घरात चोर होता," तर मागून वॉचमन म्हणाला, "चोर नाही, सेक्रेटरी."

पाणी म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, पहाटे साडेपाचला, तासभर. त्या तासाभरात कुठल्या विंगचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा आणि केव्हा आवळायचा, हे जगात एकाच माणसाला ठाऊक. पंपरूमच्या मागे खड्ड्यात उतरून ते शिट्टी फुंकणार, "पानी आलं, भरून घ्या!" असा पुकारा करणार आणि मग फेरे मोजणार. त्यांचं बालपण भुईगावच्या बागायती वाडीतलं. केळीला, पानवेलीला पाटाने पाणी द्यायचं काम घरातच होतं. "बाप वाडी शिंपायचा, मी सोसायटी शिंपतो," असं ते अभिमानाने सांगतात. "झाडाकडं बघून कळतं त्याला पानी किती पायजे. मानसाकडं बघून काय कळत नाय, म्हनून मोजावं लागतं." गेल्या पावसाळ्यापासून तर ते इतक्या मोठ्याने मोजायला लागले की माझ्या स्वयंपाकघरात "एक… दोन… अडीच, बास!" असं ऐकू यायचं. मी ह्यांना म्हणायचे, "वय झालं की माणूस स्वतःशीच ओरडायला लागतो, बघा."

आणि त्यांच्या नोटिसा! फळ्यावर स्वहस्ते, टपोऱ्या अक्षरात. एकदा मी भाजी घेऊन येत होते तर फळ्यावर लिहिलेलं: "काल दुपारी बी विंगच्या गॅलरीतून केसांचा गुंता खाली पडला आहे. लांबी अंदाजे एक वीत, दोन केस पांढरे. मालकाने ऑफिसातून ओळख पटवून घेऊन जावा." मला घामच फुटला. गुंता माझा होता. बरं, मी केस रंगवते हे तोवर कुणालाही माहीत नव्हतं! ऑफिसच्या खिडकीतून डोकावले तर टेबलावर खरोखरच एक पाकीट, वर तारीख आणि वेळ. मी महिनाभर त्या फळ्यासमोरून मान खाली घालून गेले. पाकीट अजून कपाटात आहे म्हणे.

राग यायचा, भयंकर राग यायचा. पण मग एका पावसाळ्यात कंपाउंडात कमरेएवढं पाणी साचलं, दोन दिवस लाइट नाही, पंप बंद. आणि हा माणूस खांद्यावर कळशी घेऊन एकेक मजला चढताना दिसला. चौथ्या मजल्यावर एक मावशी एकट्या राहतात, त्यांच्यासाठी. मावशींनी दार उघडून डोळे पुसले, तर हे कळशी न उतरवताच म्हणाले, "मावशी, कठड्यावरच्या कुंड्या काढा. तिसरी नोटीस हाय ही." अशा माणसाला काय म्हणावं? मावशी रडत होत्या की हसत होत्या, मला आजवर कळलेलं नाही.

तर असे हे सेक्रेटरी दरवर्षी वार्षिक सभेत राजीनामा देत. गच्चीवर खुर्च्या मांडायच्या, वेफर्स, समोसे, चहा, आणि शेवटचा विषय राजीनामा. मजकूर एकदाच टाईप केलेला. त्याच्याच झेरॉक्स, फक्त वर्षाची जागा मोकळी. ते कागद टेबलावर ठेवणार, हात जोडणार आणि कठड्याशी जाऊन आमच्याकडे पाठ करून गावातल्या जुन्या किल्ल्याच्या दिशेला बघत उभे राहणार. मग ए विंगमधले निवृत्त मास्तर उठून म्हणणार, "सेक्रेटरी, असं कसं चालेल?" आम्ही सगळे "नाही, नाही!" करणार. हे वळून डोळे टिपत म्हणणार, "बरं. एक वर्स." की लगेच समोसे. सगळं मिळून सात मिनिटं. कागद कुणीही वाचत नसे. वाचायचं काय त्यात?

यंदा मास्तर पुण्याला मुलीकडे गेले होते, आणि सभेचे विषय वाचायला मला बसवलं होतं. ऊन मी मी म्हणत होतं. गच्चीची गळती, मंजूर? मंजूर! गेटचा रंग, मंजूर? मंजूर! मी आपली गाडी सुटल्यासारखी वाचत सुटले, लोक हात वर करत सुटले, त्यात जिन्यातून समोशांचा वास आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विषय अकरा, सेक्रेटरींचा राजीनामा, मंजूर?" आणि चाळीस माणसं एका सुरात, "मंजूर!" कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

ती टाळी अर्ध्यावरच थांबली. देवा रे. माझा हात वहीवर तसाच, आणि वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "सर्वानुमते मंजूर." सेक्रेटरी कठड्याशी पाठमोरे उभे होते. बराच वेळ वळलेच नाहीत. वळले तेव्हा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "अहो, चुकून, चुकून झालं ते!" तर म्हणाले, "नाय वैनी. ठराव झाला. नियमानं झाला." चाव्यांचा जुडगा त्यांनी माझ्यापुढे ठेवला, बायकोसाठी दोन समोसे कागदात बांधून घेतले आणि जिना उतरून गेले. आणि पुढच्या दहा मिनिटांत लोकांनी मलाच सेक्रेटरी केलं. ज्याने चूक केली त्याने निस्तरावी म्हणे!

पाण्याच्या दिवशी पहाटे मी त्या खड्ड्यात उतरले. व्हॉल्व्ह कसला, हत्तीचा पाय होता तो. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन फिरवला. ए विंगच्या टाकीतून पाणी धबाधबा ओसंडायला लागलं आणि आमच्या विंगच्या चौथ्या मजल्यावरून मावशी ओरडल्या, "इथे टिपूस नाही गं!" मी तशीच भिजलेल्या साडीने, सोसायटीची फाइल काखेत मारून सेक्रेटरींच्या दारात. ठरवूनच गेले होते, पाया पडेन, तो ठराव खोडेन, पण हा माणूस परत आणीन.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. "सेक्रेटरी झोपलेत," ती हळूच म्हणाली.

झोपलेत? पाण्याच्या दिवशी, सहा वाजता? मी तिच्या खांद्यावरून आत डोकावले.

"घाबरू नका, बरे हायत," ती म्हणाली. "पावसाळ्यात त्या खड्ड्यात घसरले, तेव्हापासून उजवा हात वर जात नाय. इतके महिने मीच फिरवत होते. ते वर उभं राहून मोजायचे, मी खाली. कोनाला कळू द्यायचं नाय म्हनून जोरात मोजायचे, म्हंजे माझी धाप ऐकू जाऊ नये." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी पत्र वाचलं नाय का?"

मी तिथेच उंबऱ्यावर फाइल उघडली. तोच झेरॉक्स, तोच मजकूर. आणि खाली निळ्या पेनाने, डाव्या हाताने लिहिल्यासारखी वेडीवाकडी दोन वाक्यं: "यंदा खरंच जमत नाही. पण कोणी 'नाही, नाही' म्हटलं, तर आणखी एक वर्ष ओढीन."

चाळीस माणसं होती हो गच्चीवर. एकानेही नाही म्हटलं नाही. आणि विचारलं होतं मी! मला रडू आवरेना. तेवढ्यात आतून सेक्रेटरी डोळे चोळत आले. मी म्हटलं, "मी हे पान फाडते. आत्ता फाडते."

ते केवढ्याने दचकले! "सभेची वही फाडनार? वैनी, तुमी सेक्रेटरी हाय का कोन?" मग माझ्या साडीकडे, खाली टपकणाऱ्या पाण्याकडे बघून म्हणाले, "ए विंगला किती उघडलात?" मी म्हटलं, "सगळा." त्यांनी कपाळावर हात मारला, डावा, आणि चपला शोधायला लागले.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी ते पंपरूमशी उलट्या बादलीवर बसतात, मी खड्ड्यात उतरते. ए विंगचे फेरे त्यांनी मला शिकवले, बी विंगचेही शिकवले. एक मात्र सांगितलं नाही: शेवटी आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढावं म्हणून ए विंगचा व्हॉल्व्ह किती आवळायचा. "ते त्या त्या दिवसावर असतं," म्हणतात. "मी सांगीन ना तेव्हा."

दिवसाबिवसावर काही नसतं. अर्धा फेरा. दुसऱ्याच आठवड्यात मला कळलं, दर वेळी अर्धाच असतो. पण मी व्हॉल्व्हवर हात ठेवून वर बघते आणि विचारते, "सेक्रेटरी, आज किती?" ते डोळे मिटून, मान जरा कलती करून पाइपातल्या पाण्याचा आवाज ऐकतात. खूप वेळ ऐकतात. मी थांबते.