आबांच्या ताटातला अर्धा वाटा

टेबलावर ठेवलेला आबांचा कुत्रा पिंट्या शेपूट हलवायचंही विसरला होता. मी त्याचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक. लघवी काळ्या चहासारखी. आबा त्याचा पंजा हातात धरून उभे होते. बाहेर आषाढातली भुरभुर, आत झोपाळू उजेड. न्हावऱ्यातल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात अशा दुपारी सगळं जग जरा लांबून दिसतं.

"मॅडम, ह्यो वाचंल ना? घरात आमी दोघंच."

मला वाटलं, गोचीड ताप. गोचीड चावली की जंतू रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली धरला. तिथं मी नेहमीच हरवते. सगळं गुलाबी-जांभळं, शांत, पाण्याखालच्या गावासारखं. जंतू एकही नव्हता. पण पेशींच्या कडांना बारीक फोड आले होते. कुत्र्यामांजरांना असे फोड कांद्यानं येतात, मग तो कच्चा असो की शिजलेला.

"आबा, याला कांदा घालता?"

"छ्या! दूध-भाकरी. दुसरं काय बी न्हाई."

"चाळीत साठवलेला कांदा खाल्ला असेल?"

"चाळ राखतो त्यो. तोंड लावायचा न्हाई."

मी वैतागले. काच खोटं बोलत नव्हती आणि आबाही. सलाईन लावलं आणि थेंबांचा वेग जुळवू लागले. मग आबाच पुटपुटले, "आज माझ्या ताटातलं बी खाल्लं न्हाई."

"ताटातलं?"

"व्हय. म्हातारी गेल्यापासनं मी जेवतो त्यातलं अर्धं त्याचं. ते काय घालणं न्हवं. जोडीनं जेवतो आमी."

माझं लक्ष आबांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेलं. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. म्हणून त्याआधी कांदेनवमीला माळकरी घरांत पोटभर कांदा खाऊन घेतात. ती गेल्याच आठवड्यात झाली होती.

"नवमीला काय केलं होतंत?"

"भजी, झुणका, थालपिठं..." आबांनी पिंट्याचा पंजा सोडला. "म्हंजी मीच घातलं व्हय?"



पिंट्या वाचला. हिरड्यांवर लाली यायला बरेच दिवस लागले. मी आबांना म्हटलं, घरचं खाणं वाईट नाही, फक्त त्याचा वाटा कांद्याआधी बाजूला काढा.

"बाजूला काढायचा? मग जोडीनं कसलं?"

चातुर्मास संपला. चाळभर कांदा पिकवणाऱ्या आबांनी स्वतःच्या ताटात तो परत घेतलाच नाही. मीही आता जनावराला काय घालता, असं विचारत नाही. मालक काय जेवला, ते विचारते.