आम्ही खाली सही-अंगठा करणारे

कवितेत 'आम्ही' हा शब्द आला की मला अजूनही शंका येते. हे कोण, किती जण, आणि त्यांना कुणी विचारलं होतं का? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं ही शंका उद्धटपणाची वाटेल या भीतीनं मी ती कधी मोठ्यानं बोललो नाही. पण ती कुठून आली, ते मला नीट माहीत आहे.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात दर शनिवारी दुपारी मराठीच्या सरांच्या वर्गात कवितावाचन व्हायचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, सगळ्यांच्याच कवितेत भेगाळलेली जमीन असायची. एक जण खणखणीत आवाजात 'आम्ही उपाशी' वाचायचा आणि संपलं की कँटीनमध्ये दोन प्लेट भजी मागवायचा. मी त्याच्याकडं संशयानं बघायचो. भजी मात्र खायचो.

माझ्या वहीत एकच कविता होती, अक्कावर. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. चौथीनंतर तिची शाळा सुटली. दुष्काळामुळं लग्न लांबलं होतं आणि गावाबाहेर रोजगार हमीच्या कामावर ती खडी फोडत होती. त्या वर्षी घरात जे काही धान्य येत होतं, ते तिच्या त्या कामाचंच. 'ती दगड फोडते, तिच्या तळहातावर फोड', अशी माझी सुरुवात होती. सरांनी ती वाचली, चष्मा कपाळावर घेतला.

"भावना खरी आहे," ते म्हणाले, "पण ही तुझ्या घरातली गोष्ट झाली. हिला रस्त्यावर आण."

आणि लाल पेनानं त्यांनी प्रत्येक 'ती' खोडून 'आम्ही' केलं. 'आम्ही दगड फोडतो, आमच्या तळहातावर फोड.' ऐकायला भारदस्त वाटलं. पण मी एकही दगड फोडला नव्हता, हे सरांना सांगायचं धाडस झालं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा वही घेऊन अक्काच्या कामावर गेलो. आता रस्त्यावरचं काही लिहावं, असं मनात होतं. मी वही उघडली की बायका बोलायच्या थांबत. तिथं वही फक्त हजेरी मांडणाऱ्या मुकादमाच्या हातात असायची.

"काय लिवून राहिला रं भाऊ?" एका मावशीनं विचारलं.

"कविता."

"तिच्यात आमची नावं हायत का?"

"नाही, मावशी."

"मग गेली तिची हजेरी! नाव न्हाई तर रोज न्हाई."

सगळ्या हसल्या. मी पण हसलो, पण कान गरम झाले.

दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. बायकांना प्यायला पाणी बैलगाडीवरच्या टिपातून, म्हणजे मोठ्या लोखंडी पिंपातून, यायचं. टिप भरलेलं निघायचं आणि कामावर अर्धं पोचायचं. वाटेत मुकादमाची मोसंबीची झाडं होती. सगळ्या गावात तेवढीच हिरवी. याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मी कवितेत एक ओळ वाढवली: 'आमच्या वाट्याचं पाणी कुणाच्या झाडाला?'

ती वही मी लिंबाच्या बुडाशी ठेवली आणि अक्काच्या भाकरीचं फडकं आणायला गेलो. परत आलो तर वही मुकादमाच्या हातात होती.

आमच्याकडं 'आम्ही'नं सुरू होणारा कागद एकच असतो. अर्ज. 'आम्ही खाली सही-अंगठा करणारे', असं त्यात पहिलं वाक्य असतं आणि खाली अंगठ्यांची रांग. मुकादमानं पहिला शब्द बघितला, पाण्याची ओळ बघितली, आणि लाल शाई बघून तर त्याची खात्रीच पटली.

"वकिलाकडून तपासून आनलाय वाटतं," तो म्हणाला आणि वही माझ्याकडं फेकली.

त्यात लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आधी तक्रार करायची म्हणजे उस्मानाबाद गाठायचं, एक मुक्काम ठरलेला. आता सकाळच्या एसटीनं कलेक्टर कचेरीत जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता यायचं. हे मुकादमाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत अक्काचं नाव आलं नाही.

"तुझ्या भावाला इचार," एवढंच तो म्हणाला.

तीन दिवस अक्का घरी बसली. आई डब्यातलं पीठ रोज हलवून बघायची. चौथ्या दिवशी मी अक्काला घेऊन मुकादमाकडं गेलो.

"मुकादम, तो अर्ज नाही. कविता आहे."

"कवितेला तांबडी शाई?"

"सरांनी दुरुस्त केलीय."

"मग वाच. समद्यांम्होरं वाच."

बायकांचे हातोडे थांबले. मी वही उघडली. 'आम्ही' समोर होतं, पण माझी जीभ वळली. मी वाचलं, 'माझी बहीण दगड फोडते, माझ्या बहिणीच्या तळहातावर फोड.' असंच शेवटपर्यंत बदलत गेलो. पाण्याची ओळ आली तिथं श्वास घेतला आणि पुढं गेलो.

मुकादम मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं पटक्याच्या सोग्यानं डोळे टिपले.

"आरं, हे तर घरचं रडणं हाय. मला वाटलं अर्ज." मग अक्काला म्हणाला, "ये गं पोरी उद्यापासून."

त्याचे डोळे खरंच भरले होते का, हे मी आजही सांगू शकत नाही. भरले असतील. त्या दिवशीही टिप अर्धंच आलं.

घराच्या दारात आल्यावर अक्का म्हणाली, "फोड काय माझ्या एकटीलाच हायत?"

"तुझं काम जाऊ नये म्हणून बदललं."

"आन पान्याचं का गिळलंस?"

घरी बसलेल्या तीन दिवसांत तिनं अक्षराखाली बोट धरून माझी वही वाचली होती. तिला वाचता येतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

"त्यो नुसता अर्ज समजून भ्याला," ती म्हणाली. "खरा असता तर? येतो का तुला लिवाया?"

"अक्का, परत नाव काढतील."

"काढू दे. या टायमाला एकटीचं न्हाई काढता येनार."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, मुकादम घरी गेल्यावर, अक्कानं सगळ्या बायकांना लिंबाखाली बोलावलं आणि मी लिहायला बसलो. 'आम्ही खाली सही-अंगठा करणाऱ्या.' टिप कधी निघतं, कधी येतं, किती भरलेलं, वाटेत कुठं थांबतं. एका ठिकाणी सवयीनं 'रक्तासारखं मोलाचं पाणी' असं लिहून गेलो. अक्का खांद्यावरून बघत होती.

"खोड ते. आमी पानी मागून राहिलो, रगत न्हाई."

मी खोडलं. मावशीनं आधी सगळं दोनदा वाचून घ्यायला लावलं. तिला माझी शंका येत होती, आणि ती बरोबरच होती. मग शाईत बोळा बुडवून एकेक अंगठा उमटला. अक्कानं सही केली, चौथीतल्या अक्षरात. तिच्या खाली मीही सही करायला गेलो तर तिनं कागदावर हात ठेवला.

"तू न्हाई. तू फोडलीस का खडी?"

मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'अर्ज लिहून देणार', आणि तिथं सही केली.

सकाळच्या एसटीनं लातूरला गेलो. कचेरीतल्या कारकुनानं शिक्का मारून पोच दिली आणि 'बघू' म्हणाला. त्याच्या 'बघू'वर माझा काडीचा विश्वास बसला नाही. पण आठ-दहा दिवसांनी तहसीलचा एक माणूस गाडीवर टिपाशेजारी बसून आला, आणि टिप काठोकाठ होतं. मुकादम तोच राहिला. माझ्याशी बोलेनासा झाला, पण एवढ्या अंगठ्यांतलं एकही नाव त्यानं काढलं नाही. अक्काचंही नाही.

सुट्टी संपताना मी तिला विचारलं, "कवितेत काय ठेवू? 'ती' का 'आम्ही'?"

"कुनाला वाचून दावनार हायस?"

"कॉलेजात. सरांना, पोरांना."

"मग काय बी ठेव," ती म्हणाली. "तितं कोन तान्हेलं हाय?"