महादूचा पहारा

आमची पलटण ब्रह्मदेशात जपान्यांसमोर एका टेकडीच्या उतारावर मोर्चा धरून होती. महादू आणि मी एकाच सेक्शनमध्ये. आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडचं. तेव्हा ते मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडायचं. पुण्याकडचे शिपाई आमच्या बोलीला हसत, महादू त्यांना आणखी हसवायचा.

गावात दरवर्षी हरिनामाचा सप्ताह बसे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. पुढचा माणूस आजारी पडला तर उभा असलेल्याने त्याचाही पहारा करायचा. महादू या रीतीत वाढलेला. सेंट्रीची पाळी बदलताना तो म्हणायचा, "घे बे वीणा."

एकदा पहाटेची पाळी माझी होती आणि मला हिवताप भरला. महादू उठवायला आला. मी रायफल घ्यायला उठलो, तर त्याने मला परत कांबळ्यावर बसवलं.

"पडून राह्य. तुहा पहारा मी करतो."

"हवालदार बोंबलन."

"बोंबलू दे."

उजाडताना स्टँड-टूची, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन खंदकात उभं राहायची, ऑर्डर झाली, तोच समोरच्या बांबूच्या बेटातून मशीनगन सुरू झाली. महादूने पुढच्या पोस्टवरून ब्रेनगनने उत्तर दिलं, म्हणून बाकीचे खंदकात पोचले. हवालदार फोनवर विचारत राहिला, "पुढची पोस्ट, रिपोर्ट." रिपोर्ट आला नाही. दुपारी टेकडीमागे आम्ही महादूला अग्नी दिला.

माझा ताप हटेना. आधी हॉस्पिटल, मग रजा. शेगावला गाडीतून उतरलो. महादू गेल्याचा सरकारी कागद गावात पोचला असेलच, आपण नुसतं त्याच्या आईसमोर बसायचं, अशी मनाची समजूत घातली.

गावात सप्ताह चालू होता. मंदिरामागे बाया पंगतीच्या भाकरी थापत होत्या. त्यांत महादूची आई, सरूमावशी. मला पाहून हसली.

"अंबादास, एकटाच आला का रे बाबा? माहा महादू कधी येते?"

पोलीस पाटलांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. ते महादूचे सख्खे चुलते आणि भजनी मंडळीचे पुढारी.

"कागद आला हाये. काल्याचं कीर्तन होईलोक तोंड उघडू नको. मेल्याचं ऐकलं का भाऊकीले सुतक लागते. अर्धी मंडळी आमचीच, मंग वीणा कोन धरन?"

"मंग तुमाले लागलं ना सुतक?"

"मी काही ऐकलं नाही. नुसतं वाचलं."

मला किळस आली. आजही येते. खंदकात कुजलेल्या खेचरांशेजारी बसून मी जेवलो आहे, तेव्हा आली नव्हती. पाटलांच्या मागे भाऊकीतले चौघे उभे होते, कपाळाला बुक्का लावून. चौघांना ठाऊक होतं. चौघेही रोज तिच्या हातची भाकर खात होते. ओठात एक, पोटात एक म्हणतात, ते असं.

मी चुलीपाशी गेलो.

"मावशी, महादू गेला. माह्या जागी उभा होता."

तिने तव्यावरची भाकर उलटली, शेकली, टोपलीत ठेवली. मग तिथेच खाली बसली. शेजारच्या चंद्रभागाकाकूंनी हातातला पिठाचा गोळा परातीत टाकला आणि तिला उठवलं. मागोमाग सगळ्याच बाया उठल्या आणि तिला घरी घेऊन गेल्या. चूल तशीच जळत राहिली. पंगतीचं काय, असं पाटील ओरडत होते. एकीनेही मागे पाहिलं नाही.

मरणाच्या घरी चूल पेटत नाही. संध्याकाळी काकूंकडून पिठलं-भाकर आली, सकाळी दुसऱ्या घरून. कोणी पाळ्या लावून दिल्या नव्हत्या. एक बाई उठायची ती दुसरी येऊन बसल्यावरच. मावशीला त्यांनी दहा दिवस एकटं सोडलं नाही.

सप्ताह मी बुडवला, असं गावात ठरलं. ठरू दे. त्या मंडळीत मी पुन्हा उभा राहिलो नाही.

गावात अजून सप्ताह बसतो. तेवढे दिवस पहाटे मी अंगणात उभा राहतो, थेट उजाडेपर्यंत. गुडघे दुखतात, सून रागावते, म्हणते बसून घ्या. पण ती पाळी महादूची नव्हती. माझी होती.