मी नाही गं, तिने

डोंबिवलीत रविवारी मी कथालेखनाचा वर्ग घेतो. परवा वह्या तपासून डोळे चुरचुरायला लागले होते, हल्ली लवकर थकायला होतं. एका वहीत तीच नेहमीची चूक निघाली. ‘ती’ची म्हणून सुरू झालेली गोष्ट मध्येच ‘मी’वर आलेली. लाल पेन टेकवलं आणि शहाडचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आई भिजवलेले वाल सोलत बसलेली, ओल्या सालींचा उग्र वास सुटलेला. मी गोष्टीसाठी मागे लागलो, तेव्हा ती एका मुलीची गोष्ट सांगू लागली. मुलगी आंबिवलीची, गणितात हुशार. एक दिवस शाळेतून आली, तर घरात तिला बघायला पाहुणे बसलेले.

“मग?” मी विचारलं.

“मग लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी मी सगळी पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली.”

“मी नाही गं आई, तिने म्हण. गोष्ट त्या मुलीची आहे ना?”

आईचे हात जरा थांबले. “हो रे, तिने,” ती म्हणाली आणि पुढचा वाल उचलला.

आईची चूक सुधारली म्हणून मी केवढा खूश झालेलो. तृतीयपुरुषी निवेदनात लेखकाला दुःखापासून थोडं लांब उभं राहता येतं, असं मी आता वर्गात शिकवतो. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या मुलीला पुढे काय शिकायचं होतं, एवढं तरी विचारायला हवं होतं.